हाताला भिंगरी

आईने टेबलावर जोरात थाप मारली. ताटल्या हलल्या, पेल्यातलं पाणी डचमळलं. भिंगरीने दचकून वर पाहिलं.

"तुझा हात पुटपुटतोय," आई हातांनी म्हणाली.

भिंगरीने खाली बघितलं. उजव्या हातात चमचा होता आणि डावा हात मांडीवर आपला आपणच चालला होता. बोटं मिटत होती, उघडत होती, अर्धवट शब्द करून सोडून देत होती. दुपारच्या कुठल्यातरी बैठकीतलं वाक्य असावं. तिने तो हात मांडीखाली दाबून धरला.

"जेवताना तरी गप्प बस," आई म्हणाली. "मला वाटतं घरात कोणी तिसरं शिरलंय."

आई जन्मापासून बहिरी. वडीलही तसेच होते, पण ते जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ऐकू येणारी ही एकटीच. बहिऱ्या माणसांत प्रत्येकाचं हाताने करायचं एक नाव असतं, तसं हिचंही होतं: बोट वर धरून गरगर फिरवायचं. ऐकणाऱ्यांनी त्याचं भिंगरी केलं आणि तेच चिकटलं. ज्यांच्याबरोबर ती काम करायची ते मास्तर म्हणायचे, "लोकांच्या पायाला भिंगरी असते, हिच्या हाताला आहे."

ती दुभाषी होती. बँकेत, कोर्टात, दवाखान्यात, पालकसभेत, जिथे एक माणूस तोंडाने बोलतो आणि समोरचा हातांनी, तिथे ती मधे उभी राहायची. तोंडचं हातांत आणायची, हातांतलं तोंडाने म्हणायची. नीट बोलायला लागल्यापासून ती आईवडिलांसाठी हेच करत आली होती. पगार तेवढा मोठेपणी सुरू झाला.

या धंद्यात एक नियम असतो. लांबलचक कामाला दोन दुभाषी जातात आणि थोड्या थोड्या वेळाने पाळी बदलतात. एक बोलतो तेव्हा दुसऱ्याने बाजूला बसायचं, पाणी प्यायचं, हात सैल सोडायचे. कारण ऐकायचं, समजून घ्यायचं आणि त्याच वेळी हातांनी सांगायचं, हे डोकं फार वेळ करू शकत नाही. मग ते आपल्या नकळत शब्द गाळायला लागतं, आणि गंमत अशी की ज्याचं डोकं गाळतं त्याला ते कळत नाही.

मास्तर हा नियम पाळायचे. पूर्वी ते बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायचे, आता पिकल्या मिशांनी दुभाष्याचं काम करायचे. पाळी बदलायची वेळ झाली की ते भिंगरीच्या कोपराला हळूच बोट लावत. भिंगरी कोपर झटकायची. "एवढं वाक्य होऊ द्या," असं डोळ्यांनी सांगायची. त्या वाक्याला दुसरं वाक्य जोडलेलं असायचं, दुसऱ्याला तिसरं.

"अगं, मी इथे शोभेला बसतो का?" मास्तर बाहेर आल्यावर चिडायचे.

"तुम्ही सावकाश करता मास्तर. लोकांचा खोळंबा होतो."

"सावकाश करतो, पण पुरतं करतो."

तिला ते पटत नसे. खरं सांगायचं तर तिला बाजूला बसवतच नसे. खुर्चीवर बसलं की समोर दोन माणसं बोलत आहेत आणि आपण मधे नाही, हे तिला सहन व्हायचं नाही. हात शिवशिवायचे. मास्तरांनी एखादा शब्द थोडा वेगळा केला की जीव वरखाली व्हायचा. तिला वाटायचं, आपण थांबलो तर काहीतरी निसटेल, आणि निसटलेलं परत कधीच हाती लागणार नाही. शिवाय लोक तिलाच मागायचे. "भिंगरीला पाठवा," म्हणायचे. त्याचीही एक नशा होतीच.

एके दिवशी सकाळपासून एका पॅकिंगच्या कारखान्यात नव्या मशिनचं प्रशिक्षण होतं. तीन बहिरे कामगार, एक घाईघाईने बोलणारा इंजिनिअर. मास्तरांनी बोट लावलं, तिने झटकलं. मास्तरांनी पुन्हा लावलं, तिने पुन्हा झटकलं. तिसऱ्यांदा त्यांनी लावलंच नाही, खिडकीबाहेर बघत बसले. जेवणाच्या सुट्टीत कामगार तिच्याभोवती जमले आणि मशिनबद्दल, पाळ्यांबद्दल, मुकादमाबद्दल तक्रारी सांगू लागले. मग मुकादमही आला. जेवण तसंच राहिलं.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये सुतारकाकांचं काम होतं. काका आईच्या ओळखीतले. बहिरे, बायको गेलेली, एकटेच राहायचे. घरामागच्या शेडमध्ये अजून खुर्च्या, स्टुलं दुरुस्त करायचे. त्यांचा खुबा झिजला होता आणि तो बदलायचं ठरलं होतं. डॉक्टर ऑपरेशनच्या आधीच्या सूचना देणार होते.

"मास्तर, तुम्ही जा घरी," भिंगरी कारखान्याच्या फाटकाशी म्हणाली. "एवढुसं काम आहे. मी बघते."

"तू सकाळपासून बोलतेयस."

"मग आणखी थोडं बोलीन."

मास्तरांनी पिशवी खांद्याला लावली आणि गेले. ते रागावले होते की दमले होते, हे बघायला ती थांबलीच नाही. ती बसकडे पळत सुटली.

एवढुसं काम लांबत गेलं. आधी भुलीचे डॉक्टर, मग हाडांचे. मग काकांचे प्रश्न, आणि काका म्हणजे प्रश्नांची खाणच. नवा खुबा कशाचा? गंजतो का? पायऱ्या चढता येतील का? भिंगरीच्या उजव्या अंगठ्यात कळ यायला लागली होती. खांदे दगड झाले होते. डॉक्टर औषधांकडे वळले. काका दोन गोळ्या घ्यायचे. गुलाबी गोळी रक्त पातळ करायची, पांढरी रक्तदाबाची. ऑपरेशनच्या आधी काही दिवस एक बंद करायची होती आणि दुसरी चालू ठेवायची होती. डॉक्टरांनी छापील कागदही दिला, पण त्यावर औषधांची लांबलचक नावं होती आणि काका आपल्या गोळ्या रंगाने ओळखायचे.

भिंगरीने सांगितलं. काकांनी भुवया वर केल्या. "नक्की?" त्यांनी विचारलं.

"हो, हो," भिंगरी म्हणाली आणि पुढच्या वाक्यावर गेली, कारण डॉक्टर पुढच्या वाक्यावर गेले होते.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी काका पांढऱ्या झग्यात खाटेवर बसले होते. केस नीट विंचरलेले, चेहरा धुतलेला. त्यांची मुलगी रात्रभराचा प्रवास करून आली होती. रजा काढून, आपली दोन मुलं नवऱ्यावर सोपवून. ती खाली चहा आणायला गेली होती. मास्तर दाराशी उभे होते. भिंगरी नेहमीसारखीच पुढे.

नर्सने तक्ता काढला. "रक्त पातळ करायची गोळी कधी बंद केलीत?"

भिंगरीने विचारलं. काका गोंधळले.

इथे दुभाष्यांचा आणखी एक नियम सांगायला हवा. समोरचा जे म्हणेल ते त्याच्याच तोंडचं म्हणून बोलायचं, ‘मी’ म्हणून. ‘ते म्हणतात की’ असं मधे लावायचं नाही, आणि काही गाळायचं तर मुळीच नाही.

"बंद कुठे?" भिंगरी मोठ्याने म्हणाली, काकांच्या हातांकडे बघत. "मी ती रोज घेतोय. पांढरी बंद केली."

नर्सचं पेन थांबलं. "असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

भिंगरीच्या हातांनी प्रश्न विचारला. काकांनी बोट उचललं आणि सरळ तिच्याकडे रोखलं.

"या बाईने," भिंगरी म्हणाली.

"कुठल्या बाईने?"

"हिने." तिने काकांच्या हातांवरून नजर हलवली नाही. "जी आत्ता बोलतेय तिने."

क्षणभर नर्सला काही उमजेना. ती काकांकडे बघायची, मग हिच्याकडे. मास्तर दारातून दोन पावलं आत आले.

"काका, मी असं नव्हतं सांगितलं," भिंगरी हातांनी म्हणाली. आता ती कोणाचं बोलणं सांगत नव्हती. "मी उलट सांगितलं होतं. आठवून बघा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी आपले जाड, रंधा मारून मारून घट्टे पडलेले हात उचलले आणि तिचं त्या दिवशीचं बोलणं जसंच्या तसं करून दाखवलं. गुलाबी, चालू. पांढरी, बंद. त्यांना शब्दच लक्षात होते असं नाही, तिची पद्धतही लक्षात होती. ती घाईत मनगट कसं अर्धवट वळवते, हात खाली कसा पडतो, अंगठा कसा लुळा झाला होता. मग तिचं ते "हो, हो". दुसऱ्याच्या हातांत तिला आपला थकवा दिसला. अंगठ्यातली कळ तिला आठवली. काय सांगितलं ते मात्र आठवेना, कितीही ताणलं तरी आठवेना. तिथे नुसती रिकामी जागा होती.

"चूक माझी आहे," ती नर्सला म्हणाली. "हे मी माझं बोलतेय. काकांनी सांगितल्याप्रमाणेच केलं. मीच उलटं सांगितलं." मग ती मास्तरांकडे वळली. "तुम्ही घ्या."

मास्तर पुढे आले आणि तिने जागा सोडली.

डॉक्टर आले, रक्तदाब पाहिला, मान हलवली. ऑपरेशन रद्द झालं. पुढची तारीख काही आठवड्यांनंतरची. काकांची मुलगी चहाचे कप घेऊन आली तेव्हा काका झगा काढून शर्टाची बटणं लावत होते. मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. ती बाहेर आली, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या भिंगरीसमोर.

"काही झालं असतं तर?" ती म्हणाली. "टेबलावर रक्त थांबलं नसतं तर?"

"मला माहीत आहे."

"तुम्हाला काय माहीत आहे? मला उद्या परत जायचंय. पुढच्या वेळी रजा मिळणार नाही. त्यांना उठवायला, बसवायला कोण असणार आहे इथे?"

मुलीचे डोळे भरून आले होते, आणि राग मावळला नव्हता. "मीही लहानपणी हेच करायचे त्यांच्यासाठी," ती म्हणाली. "दमले की रडायचे. तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही नुसतं सांगायचं ना, दमले म्हणून."

ऑफिसातल्या बाईंनी भिंगरीला पंधरवडाभर घरी बसवलं. ओरडल्या नाहीत. "विश्रांती घे," एवढंच म्हणाल्या, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

विश्रांती! पहिल्या दिवशी तिने स्वयंपाकघरातली सगळी फडताळं रिकामी करून घासली. दुसऱ्या दिवशी खिडक्या पुसल्या, मग पडदे काढले, धुतले, ओले असतानाच परत लावले. आई सोफ्यावर बसून विणकाम करत होती. भिंगरी टीव्हीसमोर बसली आणि न राहवून बातम्या हातांनी सांगू लागली. आईला बातम्यांत काडीचा रस नव्हता. तिने सुया खाली ठेवल्या आणि डोळे मिटून घेतले. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की संपलं, त्याच्याशी कोणी बोलू शकत नाही. भिंगरीने खांदा हलवला, तशी आईने डोळे आणखी घट्ट मिटले.

बऱ्याच वेळाने आईने एक डोळा उघडला. "संपल्या बातम्या?"

"आई, मी काय करू?"

"काही नको करू."

"ते कसं करतात?"

आईला हसू आलं, पण तिने ते दाबलं. "माझ्याजवळ बस. दुभाषी बाहेर ठेवून ये."

भिंगरी बसली. पाय हलत राहिले. लोकरीचा गुंडा हातात घेतला, सोडला, पुन्हा घेतला. खुंटीवरच्या कोटाच्या खिशात फोन होता, तो वाजला नव्हता, तरी उठून बघून आली. मग पुन्हा उठली. आईने तिच्या मांडीवर आपला जड हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने सुईवरचे टाके मोजत राहिली. भिंगरीला तो हात झटकावासा वाटला, आणि आईने तो काढू नये असंही वाटलं. थोड्या वेळात तिला रडू आलं. रडताना तिला जाणवलं की मान दुखतेय, पाठ दुखतेय, बोटांची पेरं दुखताहेत. हे दुखणं आजचं नव्हतं. आज पहिल्यांदाच तिला ते कळत होतं.

आठवडाभराने ती काकांकडे गेली. शेडमध्ये काका एका पायावर भार देऊन उभे होते, काठी खुर्चीला टेकवलेली. तिला बघून त्यांनी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"माफ करा काका," ती म्हणाली.

"माफ केलं की पाय दुखायचा थांबतो का?" काकांनी विचारलं. "रात्री कूस बदलता येत नाही. मुलगी व्हिडिओ कॉलवर रडते."

"मी काय करू सांगा."

काकांनी पॉलिश पेपर ठेवला, हात पुसले. भुशाने माखलेल्या हातांनी ते कधी बोलत नसत. "पुढच्या वेळी तूच ये."

भिंगरीला वाटलं आपण चुकीचं वाचलं.

"तूच ये," काका म्हणाले. "तू डॉक्टरांना थांबवतेस. परत सांगा म्हणतेस. मास्तर भले आहेत, पण डॉक्टर घाईत असले की ते दबतात. मात्र मास्तर नाहीत तर तूही नाहीस. आणि ते बोट लावतील तेव्हा उठायचं. वाक्य अर्धं असलं तरी. मी बघत असेन."

"आणि तुम्हाला उठवायला, बसवायला?"

"त्याचं बघेन मी." मग म्हणाले, "तुझी आई येते म्हणालीय. माझ्यापेक्षा तिची ताकद जास्त आहे."

आईने घरी याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांच्या खोलीत तिघांच्या खुर्च्या ओळीने होत्या. भिंगरीने सुरुवात केली. डॉक्टर गोळ्यांवर येताच तिने त्यांना थांबवलं, गोळ्यांची पाकिटं टेबलावर काढून ठेवली, आणि डॉक्टरांना प्रत्येकीवर बोट ठेवून बोलायला लावलं. काकांनी तेच परत करून दाखवलं. बरोबर होतं. डॉक्टर टाके, जखम, पायाचे व्यायाम याकडे वळले, आणि तेवढ्यात कोपराला बोट लागलं.

वाक्य अर्धं होतं. ‘पाय दुमडताना’ पर्यंत आलं होतं. भिंगरीचे हात हवेत थांबले. काका तिच्याकडे रोखून बघत होते. ती उठली.

मास्तरांनी ‘पाय दुमडताना’पासून वाक्य उचललं. ती बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

दाराला काच होती. तिने आत बघितलं. मास्तर सावकाश, पुरतं करत होते. त्यांनी व्यायामाचा एक शब्द जुन्या पद्धतीने केला, तिने तो आपल्या हातांनी नीट करून पाहिला आणि मग स्वतःवरच चिडून हात खिशात कोंबले. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेली, परत आली. पाणी प्यायली. तहान नव्हती, तरी पुन्हा प्यायली. आत कोणी तरी हसलं. काका हसले होते! कशाला? ती पुन्हा काचेशी गेली आणि मग मुद्दाम पाठ फिरवून खिडकीकडे आली.

खाली वाहनतळावर एक बाई आणि एक पुरुष एका छोट्या गाडीत मोठं कपाट घालायच्या खटपटीत होते. आधी आडवं घातलं, मग तिरपं. मग पुरुष गाडीत शिरून आतून ओढू लागला आणि बाई बाहेरून ढकलू लागली. कपाट निम्मं आत गेलं आणि अडकलं. आतला पुरुषही अडकला. बाईने कमरेवर हात ठेवून आजूबाजूला पाहिलं. शेवटी तो बिचारा पुढच्या सीटवरून सरपटत दुसऱ्या दाराने बाहेर पडला. भिंगरी खिडकीच्या कठड्यावर कोपरं टेकून बघत होती. दोघांत भांडण जुंपलं होतं, पण इतक्या वरून एक शब्द ऐकू येत नव्हता आणि कोणाला तो सांगायचाही नव्हता. कितीतरी वेळाने तिच्या ध्यानात आलं की आपले हात खिशातून बाहेर आलेत आणि नुसते कठड्यावर पडलेत.

ती आत गेली तेव्हा डोकं धुतल्यासारखं हलकं झालं होतं. डॉक्टर रक्त साकळण्याबद्दल बोलत होते. तिच्या लगेच लक्षात आलं की त्यांनी एक गोष्ट दोन वेळा दोन तऱ्हांनी सांगितली. तिने थांबवलं. "नक्की कुठलं धरायचं?" डॉक्टरांनी कागद बघितला आणि सुधारून सांगितलं.

"मघाशी का हसलात काका?" बाहेर पडल्यावर तिने विचारलं.

"ते आमचं दोघांचं," काका म्हणाले. मास्तरांनी मिशा कुरवाळल्या आणि दोघांपैकी कोणीही तिला ते कधी सांगितलं नाही.

ऑपरेशन झालं. काका पंधरा दिवस कण्हले, महिनाभर आईच्या तावडीत राहिले आणि मग काठीवर शेडपर्यंत जाऊ लागले. मुलीने भिंगरीशी बोलायला बराच वेळ घेतला. एकदा फोनवर म्हणाली, "बाबांनी सांगितलं, तुम्ही मधेच उठून गेलात म्हणे." आणि मग, "बरं केलंत."

भिंगरी आता लांबलचक कामाला एकटी जात नाही. त्यापायी काही कामं हातची गेली. एका दवाखान्याने दोघांना बोलावणं परवडत नाही म्हणून तिला बोलावणंच सोडलं. ऑफिसातल्या बाई कधीमधी कपाळाला हात लावतात. ती मास्तरांसारखी शांत बसायला मात्र अजून शिकलेली नाही. पाळी संपली की ती बाहेर येते, बाकावर बसते आणि गुडघा हलवत राहते. मधेच उभी राहते, मधेच बसते. परवा कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये एका म्हातारबाबांनी विचारलं, "बाई, तुम्ही कोणाची वाट बघताय का?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "सुट्टीवर आहे मी. थोडीच उरलीय."

म्हातारबाबा सरकून शेजारी बसले. गुडघा हलतच होता. पण ती उठली नाही.